'फी' मागणारी लेन्स आणि माझे अठ्ठावीसशे रुपये

आधीच सांगतो, हा नव्या लेन्सचा रिव्ह्यू नाही. निकॉनची एएफ ५० एमएम एफ १.८ डी, म्हणजे २००२ साली बाजारात आलेली, प्लॅस्टिकच्या अंगाची, हातात घेतली तर दीडशे ग्रॅमच्या वर जेमतेम भरेल अशी चिमुकली लेन्स. नेटवर हिच्यावर ढीगभर लिहून झालंय. पण ते सगळं टेस्ट चार्टचे फोटो काढणाऱ्यांनी लिहिलेलं, आणि मी हिच्यावर नोव्हेंबर ते जून एक अख्खा मोसम काढलाय, जत्रेत, रापणीवर, स्वयंपाकघरात, एसटीत, आणि शेवटी पावसात (पावसात म्हणजे डब्यात, ते पुढे येईल). म्हणून म्हटलं आपणही लिहून टाकावं.

माझं सांगायचं तर मी पतपेढीत कामाला आहे. दिवसभर लोकांना हप्ते भरा हप्ते भरा म्हणून फोन करतो आणि स्वतः हप्त्याला घाबरतो. कॅमेरा निकॉनचा डी५३००, सोबत आलेली १८-५५ झूम लेन्स, बाकी काही नाही. डोक्यात मात्र दोन वर्षं लांबचं जवळ आणणारी २००-५०० लेन्स घोळत होती, देवबागला डॉल्फिन, तिलारीत धनेश, असले बेत. त्या लेन्सचं वजन २.३ किलो आहे आणि किमतीचा हप्ता मी वहीत तीन वेळा मांडून तीन वेळा खोडलाय. रोज रात्री तिचे व्हिडिओ बघायचे आणि कॅमेरा कपाटात, असं चाललं होतं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न व्हायचं होतं. आईच्या कसल्यातरी फॉर्मला पासपोर्ट फोटो हवे म्हणून कुडाळात एका स्टुडिओत गेलो. काकांच्या मागच्या कपाटात जुने अल्बम, मेलेले चार्जर आणि त्यात ही, धूळ खात. विचारलं, काका ही केवढ्याला? तर काका म्हणतात, "ती घेव नको रे, खराब आसा. ऑटोफोकस चलणा नाय आणि कॅमेऱ्याक लावली की फी मागता."

फी मागता! त्यांनी त्यांच्याकडची एक जुनी एंट्री लेव्हल बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) काढली, लेन्स लावली, आणि खरंच, स्क्रीनवर इंग्रजीत एफ-ई-ई अशी तीन अक्षरं लुकलुकायला लागली. बटण दाबलं तर कॅमेरा ढिम्म. स्टुडिओ मिररलेसवर गेल्यापासून ती तशीच पडून होती.

आता इथे माझं एक पाप कबूल करतो. मला ती फी काय आहे ते ठाऊक होतं. या लेन्सला स्वतःची अॅपर्चर रिंग आहे, म्हणजे आतल्या पाकळ्यांनी उजेडाचं भोक लहानमोठं करायची रिंग, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी. डिजिटल बॉडीवर वापरायची तर ती रिंग २२ वर, म्हणजे त्या नारिंगी आकड्यावर न्यायची आणि बाजूची बारीकशी खटकी सरकवून लॉक करायची. मग अॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येतं. रिंग दुसऱ्या कुठल्याही आकड्यावर असली की कॅमेरा फी फी करतो. बस एवढंच. आणि ऑटोफोकस न चालण्याचं कारण असं की या लेन्समध्ये मोटरच नाही. बॉडीतली मोटर माउंटमधून एक पेचकससारखा दांडा बाहेर काढते आणि तो लेन्सच्या खाचेत बसून फोकस फिरवतो. डी७२०० सारख्या बॉडीत ती मोटर आहे, डी३००० आणि डी५००० च्या मालिकेतल्या स्वस्त बॉडींमध्ये नाही. म्हणजे लेन्स ठणठणीत होती, जोडी चुकीची होती.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. खोटं नाही बोललो, पण गप्प बसलो. काका चार हजार म्हणाले, मी म्हटलं खराब आहे ना, ते म्हणाले बरं तीन, मी मोबाइलचा टॉर्च लावून लेन्समधून आरपार बघायला लागलो, आणि बघता बघता अठ्ठावीसशेला आली.

तो टॉर्चचा प्रकार मात्र नाटक नव्हता. आपल्या इथे जुनी लेन्स घेणार असाल तर हे करायचंच. दोन्ही बाजूंची झाकणं काढायची, रिंग फिरवून पाकळ्या पूर्ण उघडायच्या आणि मागून उजेड मारून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्यायची, कितीही स्वस्त असो. चारदोन धुळीचे कण असले तर काही बिघडत नाही. मग पाकळ्या उघडझाप करून बघायच्या, त्यांच्यावर तेलाचा ओशटपणा असला तर त्या अडकतात. माझ्या लेन्सला धूळ होती, पुढच्या काचेवर कुणीतरी शर्टाच्या टोकाने घासून घासून पाडलेला एक फिकट डाग होता, बाकी स्वच्छ. समुद्रापासून इतक्या जवळ, एवढी वर्षं कपाटात पडूनही बुरशी नाही म्हणजे नशीबच.

पहिला फोटो घरी. आई आडोळीवर (विळीवर) बसून नारळ खवत होती, खिडकीतून संध्याकाळचा उजेड तिच्या हातावर. या लेन्सचा सगळ्यात जवळचा फोकस ४५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण हातभर. तेवढ्या जवळ गेलो, एफ १.८ ठेवलं (हा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं), आणि रिंग फिरवत बसलो. खोबऱ्याचा कीस फोकसमध्ये येतो तर आडोळीचे दाते जातात, दाते धरावे तर आईचा अंगठा जातो. मागून हिशोब केला तर एवढ्या अंतरावर उघड्या लेन्सला फोकसची जाडी येते तीन-चार मिलिमीटर. नारळाच्या वाटीतलं खोबरं याहून जाड असतं! आई एक मिनिट थांबली, मग म्हणाली, "किती येळ बघतस रे? नारळ सुकतलो तसोच." चौदा फोटो काढले, तेरा गेले. चौदाव्यात तिच्या बोटाला चिकटलेला खोबऱ्याचा एक तुकडा असा काही टोकदार आलाय आणि त्याच्या मागे सगळं घर लोण्यासारखं वितळलेलं, की मी जेवणं झाल्यावर पण तोच फोटो झूम करून बघत होतो. १८-५५ ने याच खिडकीपाशी, याच आडोळीचे फोटो मी आधी काढलेत. त्यात आडोळी दिसते, मागचा गॅस सिलिंडर दिसतो, भिंतीवरचं पतसंस्थेचं कॅलेंडरही दिसतं.

फरक कुठून येतो ते सरळ आहे. १८-५५ ला ५५ च्या टोकाला फार तर एफ ५.६ मिळतं. १.८ म्हणजे त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! रात्री साडेआठला ट्यूबलाइटच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो येतो तो यामुळे.

आता तक्रारी करणाऱ्यांसाठी: हो, ऑटोफोकस नाही. डी५३०० वर हाताने फोकस करायचा म्हणजे पहिले पंधरा दिवस रडकुंडीला येतो माणूस. एक तर या बॉडीचा व्ह्यूफाइंडर लहान, त्यात रिंग सैल आणि थोडक्या वळणात सगळं अंतर संपतं, कारण ती मोटरने फिरवायला केलेली आहे, बोटांनी नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सची ती जड, लोण्यातून फिरल्यासारखी रिंग हिच्यात शोधू नका. पण उपाय आहेत. व्ह्यूफाइंडरमध्ये डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो, फोकस बसला की तो पेटतो, हा ठिपका बिनमोटरच्या लेन्सवरही चालतो हे पुष्कळांना माहीतच नसतं. शिवाय मेन्यूत रेंजफाइंडर नावाचं एक सेटिंग आहे, ते चालू केलं की खालच्या पट्टीत दिसतं फोकस पुढे पडलाय की मागे. मॅन्युअल मोडवर ते दिसत नाही, अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) दिसतं, मी तसाही त्याच मोडवर असतो. आणि ठिपका पेटला की लगेच बटण दाबायचं नाही. रिंग थोडी फिरवली तरी तो पेटलेलाच राहतो, म्हणून एका बाजूने येऊन तो विझेपर्यंत जायचं, मग परत यायचं, आणि मधोमध थांबायचं. शब्दांत लांबलचक वाटतं, हाताला सवय झाली की अर्ध्या सेकंदाचं काम.

आणखी एक फजिती सांगतो. पहिला आठवडा मला डोळ्याने बघून कधीच कळेना फोकस आहे का नाही, ठिपका म्हणतो आहे, मला दिसतंय धुरकट. लेन्सच्या नावाने बोटं मोडली. मग एके दिवशी लक्षात आलं की व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डोळ्याचा नंबर जुळवायचं जे चाक असतं ते भाच्याने खेळताना फिरवून ठेवलं होतं. दोन वर्षं! ऑटोफोकसवर काढत होतो तोवर मी व्ह्यूफाइंडरमधून नीट बघितलंच नव्हतं.

डिसेंबरात आमच्या बाजूच्या गावची जत्रा आली. सिंधुदुर्गातल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे जत्रा म्हणजे रात्री देवळात पालखी फिरते आणि मग मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतारी नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत. स्टेज म्हणजे एक पडदा आणि एक लाकडी बाकडं. ते बाकडंच इंद्राचं सिंहासन, तेच वन, तेच राजाचं शयनगृह. एका बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. सगळे पुरुष, बायकांची कामंपण तेच करतात, आणि संवाद पाठ केलेले नसतात, जागच्या जागी रचतात.

मी नाटकाआधी दोन तास गेलो, कारण मला खरी हौस रंगायच्या जागेची होती. देवळाच्या पडवीत गोणपाटावर सगळे आपापला आरसा घेऊन बसलेले, वर एक पिवळा बल्ब लोंबतोय, कोपऱ्यात कंपनीचा पेटारा पुजून ठेवलेला, समोर उदबत्ती. मेकअपवाला वगैरे कुणी नाही, जो तो स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. मी एका काकांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ बसलो, म्हणजे बसावंच लागलं. ५० एमएम ही लेन्स आपल्या छोट्या सेन्सरवर ७५ सारखी दिसते, चेहऱ्याला एकदम योग्य, पण अरुंद पडवीत मागे सरकायला जागा नाही, आणि झूम करून सुटका करून घ्यावी तर झूम नाहीच. १८-५५ असती तर मी दारात उभा राहून खचाखच चाळीस फोटो मारून बाहेर चहा प्यायला गेलो असतो. इथे मी तासभर एकाच माणसापुढे होतो.

ते काका स्त्रीपार्टी करणारे. वय असेल पंचावन्न, दिवसा शेती. आधी चेहऱ्यावर पांढरा हात, मग गालावर गुलाबी, मग बारीक काडीने भुवई. डाव्या हातात आरसा, आरशावर एक तडा गेलेला. मी फोकस डोळ्यावर धरला, ठिपका पेटला, त्यांनी श्वास घेतला आणि चेहरा दोन बोटं पुढे आला, गेला फोकस. परत. परत. शेवटी मी रिंगवरचा हातच काढला आणि स्वतः कंबरेतून पुढे-मागे झुलत राहिलो, डोळा टोकदार दिसला की बटण. बाजूचा एक पोरगा हसायला लागला, त्याला वाटलं मला झोप येतेय. एफ १.८, आयएसओ १६००, शटर १/१०० च्या आसपास, आणि फ्लॅश नाही. काकांनी भुवई पुरी केली, आरसा खाली ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाले, "बरी दिसतंय मां?" बरी! आवाज घोगरा, पण 'बरी' म्हणाले, म्हणजे तोवर ती बाई झालेली होती. मी त्या क्षणी बटण दाबायला विसरलो.

नाटक चालू झाल्यावर दुसरी गंमत. स्टेजवर एलईडीचे लाइट, आणि लढाईच्या वेळी हालचाल पकडायला म्हणून मी शटर १/५०० केलं तर फोटोत आडवे पट्टे, एक फोटो पिवळा तर दुसरा काळवंडलेला. मला आधी वाटलं लेन्सचं काहीतरी. तसं नाही, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असले दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण जलद शटरला दिसतं. १/१०० वर आणलं, पट्टे गेले. मग तलवारी हलल्या त्या हलल्या. खरं तर ते हललेलेच फोटो जास्त जिवंत वाटतात, दैत्याचा चेहरा स्थिर आणि तलवारीचा नुसता पांढरा फराटा.

स्टेजवर पळणाऱ्या माणसावर हाताने फोकस करणं माझ्याच्याने होत नाही, कुणाला जमत असेल तर साष्टांग नमस्कार. मी काय केलं, तीन मीटरवर बैठक मारली, बाकड्याच्या पुढच्या कडेवर फोकस लावला, अॅपर्चर २.८ केलं, आणि रिंगला परत हात लावला नाही. तेवढ्यात पुढे-मागे मिळून हातभर जागा फोकसमध्ये येते. आणि दशावतारात जो महत्त्वाचं बोलतो तो फिरून फिरून बाकड्यापाशीच येतो! नुसतं थांबायचं. संकासुर आला तेव्हा पोरं ओरडत मागे पळाली आणि त्यातलं एक माझ्या मांडीवर पडलं, तो फोटो हुकला, बाकी त्या रात्री २१२ काढले आणि ३४ ठेवले. पहाटे दंव एवढं पडलं की कॅमेऱ्यावर पाणी, लेन्स शर्टाच्या आत धरून बसलो होतो दहीकाला होईपर्यंत.

एफ १.८ ला ही लेन्स कशी आहे हा प्रश्न सगळे विचारतात. थोडी मऊ आहे. कॉन्ट्रास्ट जरा कमी, आणि जिथे काळ्यावर एकदम पांढरं येतं तिथे जांभळी कड दिसते. माडाच्या झावळ्या आकाशासमोर धरून बघा, प्रत्येक पातीला जांभळा काठ, जरीच्या लुगड्यासारखा. २.८ ला बरंचसं साफ होतं, ४ ला तर अशी धार येते की मिठाचे कण मोजावेत. मागच्या दिव्यांचे गोळे उघड्या अॅपर्चरला गोल येतात, २.८ च्या पुढे सप्तकोनी, कारण आत सात सरळ पाकळ्या आहेत. काहींना ते स्वस्त वाटतं. मला मालवणच्या मासळीबाजारात एका मावशींच्या टोपलीतल्या बांगड्यांवर पाणी चमकत होतं त्याचे सात कोनांचे ठिपके आले ते फार आवडले, चवीचा प्रश्न आहे. आणि याच सात पाकळ्यांमुळे एफ १६ ला सूर्याच्या चौदा किरणांची चांदणी येते, संध्याकाळी गलबताच्या डोलकाठीआड सूर्य धरून बघा.

आता रापण. चिवला बीचवर सकाळी रापण ओढत होते. होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, तास दीड तास, एका लयीत, टाचा वाळूत रोवून. इथे ५० फसते. मला सगळी रांग हवी होती, पंधरा-वीस माणसं, आणि लेन्समध्ये मावतात तीन. मागे सरकत सरकत गुडघाभर पाण्यात गेलो, लाट आली, कॅमेरा डोक्यावर धरला, पँट भिजली, तरी सात माणसंच मावली. मोबाइल काढला, रुंद फोटो मोबाइलवर घेतला, विषय संपला, त्यात काही कमीपणा नाही. मग ५० घेऊन जवळ गेलो. दोर ओढणाऱ्या एका आजोबांचे हात, तळव्यावर दोराने पडलेल्या पांढऱ्या रेघा, दोरातून ठिबकणारं पाणी. दोन फोटो झाले असतील तोच ते म्हणाले, "फोटो मगे काढ, आदी दोर धर!" कॅमेरा गळ्यात मागे टाकला आणि दोर धरला. दहा मिनिटांत खांदे बोलायला लागले. पण त्यानंतर मी काहीही काढलं तरी कुणी कॅमेऱ्याकडे बघेना, जाळं वर आलं तेव्हा मी मध्येच उभा होतो, पायाशी पेडवे आणि तारल्या तडफडताहेत, वरून घारी. वाट्याला म्हणून मूठभर पेडवेपण मिळाले, पिशवी नव्हती, लेन्सच्या कापडात बांधून आणले. कापडाला अजून वास आहे.

त्याच दिवशी रिंगमध्ये वाळू गेली. फिरवली की करकर. ही लेन्स फोकस करताना पुढे बाहेर येते, आतली नळी उघडी पडते, आणि रबराची गॅस्केट-बिस्केट काही नाही, म्हणून वाळू-पाण्याशी हिची मैत्री नाही. घरी येऊन रंगाच्या मऊ ब्रशने तासभर कडा झाडल्या, नळी खालच्या बाजूला तोंड करून, तेव्हा करकर गेली. तेव्हापासून समुद्रावर जाताना ५२ एमएमचा यूव्ही फिल्टर लावतो (माझ्या १८-५५ चापण तोच साइज, एकात दोन कामं झाली) आणि घरी आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवायची, मग ओलसर कापडाने फिल्टरवरची खार पुसायची. खार सुकी पुसली की काचेला चरे पडतात, पुढच्या काचेवरचा तो जुना डाग बहुतेक असाच कुणाच्या तरी घाईचा.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचे फोटो काढायला गेलो होतो तेव्हा आणखी एक धडा मिळाला. लांबचं काढायचं म्हणून रिंग सरळ शेवटपर्यंत फिरवली, आणि घरी येऊन बघतो तर अख्खा तट धूसर. या लेन्सची रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या, थोडी पुढे जाते, म्हणून शेवटाला टेकवायची नाही, केसभर मागे घ्यायची, किंवा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र मोठं करून बुरुजावर बसवायची. डॉल्फिनचं म्हणाल तर विसरा. देवबागला एकदा होडीत घेऊन गेलो, फोटोत समुद्र आहे आणि एक काळा ठिपका आहे, तो डॉल्फिन आहे की लाटेची सावली यावर घरात दोन मतं आहेत.

जून लागला तशी लेन्स डब्यात गेली. कोकणात कॅमेरा ठेवणाऱ्याला खरा शत्रू कोण विचाराल तर चोर नाही, बुरशी. चार महिने हवा ओली, चपलांना बुरशी येते, पट्ट्याला येते, देवाच्या तसबिरीमागे येते, तर लेन्सला का सोडेल? लोक तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणतात, कृपा करून ठेवू नका, तांदळाची भुकटी आत जाते. मी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आईकडून मागून घेतला (मागून म्हणजे, आधी घेतला मग सांगितलं), त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवायचे, पण तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही, यावरून आमच्याकडे एक छोटं महाभारत झालेलं आहे. आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून उजेडात वापरायची. पावसाची उघडीप मिळाली की अंगणात जातो, अळूच्या पानावर थेंब, ४५ सेंटीमीटर, तीन मिलिमीटर, परत तोच नारळाचा खेळ.

कुणी घ्यावी, तर ज्याच्याकडे मोटरवाली बॉडी आहे त्याने डोळे मिटून. डी३००० किंवा डी५००० वाल्यांपैकी ज्यांना लहान पोरांच्या मागे पळायचंय किंवा लग्नं काढायचीत त्यांनी नको, त्यांच्यासाठी २०११ ची एफ १.८ जी आहे, तिच्यात स्वतःची मोटर आहे, जरा जास्त पैसे टाका. निकॉनच्या नव्या मिररलेस झेड बॉडीवाल्यांनी जुन्या लेन्स जोडायचा एफटीझेड अडॅप्टर लावून ऑटोफोकस मिळेल या आशेवर राहू नये, त्यातही दांडा फिरवणारी मोटर नाही. बाकी माझ्यासारखा ज्याला सावकाश बसून एकाच माणसाचे तासभर फोटो काढायला आवडतं त्याने जरूर घ्यावी, फक्त आधी टॉर्च मारून बघा.

राहिली ती माझ्या गप्प बसण्याची गोष्ट. मे महिन्यात त्या रंगणाऱ्या काकांचा फोटो मोठा करून घ्यायला मी परत त्याच स्टुडिओत गेलो. त्यांना द्यायचा होता. स्टुडिओवाल्या काकांनी फोटो बघितला, चष्मा वर केला, परत बघितला, लेन्स कुठली विचारलं. मग मला राहवेना, सगळं सांगून टाकलं, रिंग, बावीस, खटकी, मोटर. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हाच सांगलं असतंस तर पाच हजार घेतलंय असते मेल्या!" आणि हसले, प्रिंटचे पैसेपण नेहमीचेच लावले, आणि खाली वाकून खणातून आणखी एक लेन्स काढली. जुनी ३५-७० झूम. "ही बघ, ही पण फी मागता."

या वेळी मी त्यांच्यासमोर रिंग बावीसवर नेली, लॉक केली आणि कॅमेऱ्याला लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खिडकीबाहेर रिक्षास्टँडचा एक फोटो काढला, स्क्रीनवर बघितला, लेन्स काढून फडक्याने पुसली आणि परत खणात ठेवली.

केवढ्याला, मी विचारलं. पाच हजार म्हणाले.

टॉर्च मारून बघितली, स्वच्छ आहे. पगार सात तारखेला होतो.